गासची उसनी बारी

दिल्लीहून निघताना माझ्या ट्रंकेत दोन सदरे, एक धोतरजोडी आणि पाण्याच्या कायद्याचा जाडजूड मसुदा होता. तिन्हींत मसुदाच सर्वांत चुरगळलेला. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, तरी नद्या-विहिरींचे नियम अजून इंग्रजांचेच चालू होते. जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं, त्यानं हवं तितकं उपसावं, शेजाऱ्याची विहीर आटली तर त्याचं नशीब! हे सगळं नव्यानं लिहायला समिती बसली होती आणि समितीत आम्ही सगळे इंजिनियर. धरणाची भिंत सांगा, उभी करून देतो. कोर्टात टिकेल असं एक वाक्य लिहायला सांगा, की एकमेकांची तोंडं पाहतो. म्हणून कायद्याचा जाणकार नेमायचं ठरलं. चौकशी केली तर जो तो एकच नाव सांगे, गासचे इनास वकील. उभा जन्म मुंबईच्या कोर्टात पाण्याचे दावे लढले आणि आता निवृत्त होऊन गावी राहतात. त्यांनी आमच्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. मी मराठी बोलणारा, म्हणून मला पिटाळण्यात आलं. रिकाम्या हातानं परतू नका, असं वरिष्ठांनी बजावलं होतं.

मुंबईला गाडी बदलली. वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडताना पॅसेंजर अगदी रेंगाळली. दोन्ही अंगांना मिठागरं, त्यांवर मिठाचे पांढरे ढीग, आणि डोळे उघडू देईना असं ऊन. एवढ्या खारट मुलखात गोड्या पाण्याचा वकील राहतो याची मला गंमत वाटली. नालासोपाऱ्याला उतरलो आणि टांगा केला. टांगेवाला वाटेतल्या प्रत्येक माणसाशी थांबून बोलत होता. मी घड्याळ पाहत होतो, आणि ते त्याला दिसत होतं, पण त्यानं मनावर घेतलं नाही.

गासला पोचलो आणि ऊन जणू कुणी पुसून टाकलं. दोन्ही बाजूंना वाड्या (म्हणजे इथल्या बागा), केळी, नारळ, मांडवावर चढलेल्या पानवेली. मध्ये एक बावखल (गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं), त्यावर करकरणारा लाकडी रहाट आणि तो फिरवणारा एक रेडा. रहाटाचं पाणी पाटानं केळींकडे चाललं होतं. दोन दिवसांचा प्रवास, अंगभर धूळ. मला राहवलं नाही. बूट काढून सरळ पाटात पाय सोडले. काय सांगू, दिल्ली विसरलो. उठताना मात्र पाय घसरला आणि पाटाच्या काठचा मातीचा बांध माझ्या टाचेखाली फुटला. पाणी वळलं आणि पलीकडच्या वाडीत शिरलं.

केळींतून एक उंच, काळासावळा माणूस आला. त्यानं पायानं चिखल ओढून बांध बुजवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"सायब, आज पानी माजं व्हतं," तो म्हणाला. "तुमी ते वकिलाला दिलंत."

हे पास्कोल, वकिलांचे शेजारी. त्यांनी मला सगळं समजावलं. हे बावखल पाच घरांचं. प्रत्येक घराची बारी (पाणी घेण्याची पाळी) ठरलेली. बारी विकता येत नाही, कितीही अडचण असो. उसनी मात्र देता येते, आणि घेणाऱ्यानं दारात येऊन, शेजाऱ्याच्या साक्षीनं, ती कधी परत करणार हे तोंडानं सांगायचं. लिहून घेत नाहीत. दुसऱ्याचं पाणी कुणाच्या हातून सांडलं, तर सांडणाऱ्यानं तेवढा वेळ रहाट हाकायचा, मग तो कुणी का असेना.

कुणी का असेना, यातला रोख माझ्या लक्षात आला. मी कोट काढून नारळाला टांगला आणि भारत सरकारच्या वतीनं रेड्यामागे फिरू लागलो. रेडा माझ्यापेक्षा शहाणा होता. मी हाकत नव्हतो, तोच मला फिरवत होता. काही फेऱ्या झाल्या असतील, तोच पांढऱ्या शुभ्र लेंग्यातले एक म्हातारे गृहस्थ हसत येऊन उभे राहिले.

"दिल्लीचे का? कायद्याची अंमलबजावणी तर झकास चाललीय," ते म्हणाले.

असे इनास वकील मला भेटले.

घर बैठं, कौलारू. ओटीवर त्यांच्या पत्नी रोझाबाई बसल्या होत्या. त्यांची दृष्टी दोन वर्षांपासून गेलेली. उजेड आणि अंधार एवढंच कळे. तरी माझ्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाल्या, बाबा, पाय ओले हायत, पुसून घे. चहाबरोबर सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) आली. मी मनात शब्द जुळवत होतो, पण वकिलांनी विषय काढूच दिला नाही. तिन्हीसांजेला देवळाची घंटा झाली (इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात), तसं दोघांनी प्रार्थना म्हटली. मग रोझाबाईंनी विचारलं, "पानी पोचलं?"

त्या दिवशी वकिलांच्या घराचीही थोडी बारी होती. ते उठले, वाडीच्या पार टोकाला, शेवटच्या केळीपाशी गेले आणि तिथून हाक दिली, "पोचलं गो!" रोझाबाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पूर्वी त्या स्वतः टोकापर्यंत जाऊन पाहत. आता वकील त्यांचे डोळे झाले होते. मला एकदम कळलं, की पत्राला उत्तर का आलं नाही. आणि आपण या घरातून काय न्यायला आलो आहोत, तेही कळलं. मला स्वतःची लाज वाटली.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण होतं. वकिलांनी माझा मसुदा मागून घेतला, चष्मा चढवला आणि कंदिलाशी बसून चाळला. मग शांतपणे म्हणाले की यात धरणं आहेत, कालवे आहेत, पण शेजारी कुठेच नाही. मी म्हटलं, तो घालायलाच तुम्हांला न्यायला आलोय, एका वर्षासाठी.

त्यांनी मसुदा मिटून माझ्याकडे सरकवला. दुसरा कुणी पाहा, म्हणाले. तीस वर्षं मुंबईला होतो, घरी फक्त रविवारी यायचो. निवृत्त होताना हिला शब्द दिला, की आता या वाडीबाहेर रात्र काढणार नाही. आणि तेव्हा हिला दिसत होतं.

दिल्लीहून आलेल्या पत्राचं रोझाबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. दिल्लीत बंगला मिळेल, बाईंनाही नेऊ, असं मी चाचरत म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"तिथं मला दार कुठं ते कळायचं नाय, बाबा. हितं सगळं पायाला ठावं हाय." मग नवऱ्याकडे तोंड वळवून म्हणाल्या, "माज्यासाठी नाय म्हनू नका. उद्या कोनी इंजिन लावून बावखल उपसलं, तर पास्कोलनं कोनाकडं जायचं?"

वकील म्हणाले, "तुझी बारी आहे आता, रोझा. ती मी कशी मोडू?"

"मोडू नका. मी उसनी देते," त्या म्हणाल्या. "पन घेनाऱ्यानं दारात येऊन बोलावं."

त्यांनी पास्कोलला हाक मारली. ते आले, ओटीच्या पायरीशी उभे राहिले. मीही उठलो, दाराबाहेर गेलो आणि समोर येऊन उभा राहिलो. सरकारी कामात मी शेकडो सह्या केल्या असतील. तोंडानं शब्द देण्याची वेळ कधी आली नव्हती. मी म्हणालो, "पुढच्या पावसाआधी वकीलसाहेबांना मी स्वतः इथे आणून सोडीन." पास्कोल म्हणाले, "आयकलं." एवढंच.

आम्ही निघालो तेव्हा रोझाबाई ओटीवरच होत्या. टांगा वळेपर्यंत वकील मागे पाहत राहिले. त्यांना दिसत होतं, रोझाबाईंना नाही, हे मला वाटभर टोचत राहिलं.

ते वर्ष सरलं. वकिलांनी मसुदा मुळापासून उलथा केला. पाण्याचा हक्क उसना देता यावा, विकता येऊ नये, असं कलम त्यांनी लिहिलं तेव्हा एक सभासद हसले. मग मी त्यांना रेड्याची हकिगत सांगितली, आणि ते आणखीच हसले. पण कलम राहिलं. रोज दिवेलागणीला वकील लेखणी खाली ठेवत आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहत. अशा वेळी मी त्यांच्याशी बोलत नसे. मसुदा मंत्र्यांकडे गेला. पुढे त्याचं काय होईल ते मला सांगता येणार नाही. फायली आमच्या हातात राहत नाहीत.

पावसाआधी आम्ही परत गासला आलो. रहाट करकरत होता, संध्याकाळ होत आली होती. रोझाबाई ओटीवर, तिथेच. वर्षभर पास्कोल रोज शेवटच्या केळीपाशी जाऊन हाक देत होते, त्यांची बारी असो वा नसो. आज मात्र टांग्याचा आवाज ऐकून ते पाटाशीच थबकले.

घंटा झाली. प्रार्थना आटोपून रोझाबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "पानी पोचलं?"

वकील घरात गेलेच नाहीत. बूट न काढता, हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता ते केळींतून भराभर चालत गेले. टोकापाशी जरा वेळ गेला. मग हाक आली, "पोचलं गो!"

रोझाबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मग मी जिथे उभा होतो, नेमक्या त्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, "बाबा, तुजं उसनं फिटलं. आता जेवूनच जा."

दिल्लीला परतताना ट्रंकेत सुकेळीचा एक पुडा होता. पाण्याबद्दल मी आजवर जे शिकलो, त्यात सगळ्यांत कठीण गणित हे, की दुसऱ्याचं घेतलेलं वेळेवर परत करायचं असतं. मी ते एकदाच केलं आहे, तेही एका ओटीसमोर.