पंचेचाळीसला सुरू होणारी थरथर

गेल्या रविवारी देवळाली प्रवरातल्या एका गॅरेजमध्ये माझ्या दोन्ही हातांची निर्दोष सुटका झाली... तीन आठवडे त्यांच्यावर खटला चालू होता.

माझी गाडी बऱ्याच जणांना माहीत आहे. नवीन मंडळींसाठी सांगते... पुढून मोटारसायकल, मागे दोन चाकं. लहानपणी पोलिओने डावा पाय अधू केला, म्हणून गिअरही हाताने टाकायची सोय करून घेतलीय. अकरा वर्षं मी याच तीनचाकीवर राहुरीला शिकवायला जाते, कुणाच्याही 'चल, सोडतो'ची वाट न बघता.

तीन आठवड्यांपूर्वी पुढचा टायर नवा टाकला. दुसऱ्याच दिवशी काटा पंचेचाळीसवर गेला आणि हँडल थडथडायला लागलं. चाळीसच्या खाली गाडी अगदी गुणी बाळ... वर गेली की समोर उसाची ट्रॉली, मागे हॉर्न आणि हातात चालू पिठाची गिरणी!

टायर टाकणाऱ्या सुभाष मिस्त्रींकडेच परत गेले. त्यांनी ट्रायल मारली. आता दुचाकीवाला माणूस वळणावर गाडी कलती करायला जातो आणि तीनचाकी काही कलत नाही... मिस्त्री थेट पानटपरीच्या बाकड्यापर्यंत जाऊन कसेबसे परत आले. वेग असेल वीस.

"मॅडम, गाडीत काय न्हाई. तुमचा हातच थरथरतोय."

आणखी दोन गॅरेजं झाली. तिथेही ट्रायल वीसची आणि निकाल तोच. एकाने तर मला बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या सुचवल्या... ज्याला टायरचा आजार कळत नाही, त्याला बाईमाणसाचा मात्र लगेच कळतो.

हे माझ्या धाकट्या भावाच्या, विनयच्या कानावर गेलं. त्याला निमित्तच हवं होतं. "ताई, पन्नाशी आली. आता पुरे झाली गाडी. मी सोडत जाईन ना शाळेत." विनय प्रेमळ आहे, वादच नाही... पण माझी शाळा सातला भरते आणि विनय नऊला उठतो.

रविवारी चर्चमधून घरी येताना त्याने परस्पर जाहीर केलं... संध्याकाळी पाचला गाडी बघायला गिऱ्हाईक येतंय!

दुपारी मटण होतं. चव लागली नाही. खरं सांगू? क्षणभर मलाही वाटलं की थरथरत असतील हात... ताटावर दोन्ही पंजे धरून बघितले. स्थिर होते. आणि आपण वर्गात विज्ञान शिकवतो, हे मला तेव्हा कुठे आठवलं.

तीनला गाडी काढली. विनय त्याच्या बाईकवर मागोमाग, चेहरा अंत्ययात्रेचा. वाटेत पंचेचाळीसला क्लच दाबला, इंजिन मोकळं झालं... थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. सीट शांत, थडथडतंय ते फक्त हँडल. म्हणजे मागची दोन चाकंही सुटली. उरले दोन संशयित... पुढचं चाक आणि मी.

गॅरेजमध्ये गेल्या गेल्या म्हटलं, "मिस्त्री, पुढचं चाक उचला आणि फिरवून दाखवा."

"आता परत कोन उचलतंय, मॅडम? तिला स्टँडच न्हाई!"

गोम तिथेच होती. दुचाकी आली की मिस्त्री तिला सवयीने डबल स्टँडवर लावतात आणि चाक फिरवून बघतात. माझी गाडी आपली आपण उभी राहते, म्हणून तिला स्टँड नाही. टायर चढवला, चाक बसवलं, गाडी खाली... फिरवून कुणीच बघितलं नव्हतं. आपल्या बळावर उभं राहणाऱ्याला काय होतंय हे कुणी तपासत नाही, हे माणसांबाबत मला माहीत होतं. गाडीबाबत नव्यानेच कळलं.

मिस्त्रींनी कुरकुरत जॅक लावला. चाक हलवून बघितलं, बेअरिंग घट्ट. हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवलं, कुठे अडकत नाही. "बघा, काय न्हाई!"

मग मी पर्समधून खडू काढला. स्टुलावर बसले, मनगट गाडीच्या दांड्याला टेकवलं आणि खडू टायरला जेमतेम लागेल असा धरला. "फिरवा."

खर्रर्र... शांत... खर्रर्र... शांत...

चाक थांबलं. टायरभर पांढरा पट्टा, फक्त वीतभर जागा कोरी. पुसून पुन्हा फिरवलं. चार वेळा. कोरी जागा तीच... थरथरणारा हात इतका शिस्तीत थरथरत नाही.

विनय वाकला. टायरच्या कडेला, रिमलगत, गोल बारीक रेघ असते. कोऱ्या जागेपाशी ती रिमच्या आत गडप झाली होती. टायर तेवढ्या भागात नीट बसलाच नव्हता, खोलगट राहिला होता. आणि बसवला होता कुणी?

मिस्त्रींनी व्हॉल्व्ह उघडला. सगळी हवा सोडली, कडेने साबणाचं पाणी लावलं, हवा भरायला घेतली. टप्प! ...इतका गोड आवाज मी शाळा सुटण्याच्या घंटेचाही ऐकलेला नाही. पुन्हा खडू धरला. पट्टा सलग, अख्खा गोल.

"लई बारीक नजर हाय मॅडम तुमची."

"नजर राहू द्या. हातांचं काय ते बोला."

मिस्त्रींनी दोन्ही कान पकडले.

विनयची बाईक तिथेच ठेवून त्याला माझ्या मागे बसवलं आणि रस्त्याला लागले. पंचेचाळीस... पन्नास... पंचावन्न. हँडल देवघरातल्या समईसारखं म्हणणार होते, पण आमच्याकडे मेणबत्ती असते... तर मेणबत्तीच्या ज्योतीसारखं निश्चल.

माझे खांदे मात्र हलत होते. विनयने ते दोन्ही हातांनी गच्च धरले होते, आणि थरथर तिथून येत होती.

"ताई, हळू गं..."

गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून त्यानेच फोन केला. मी सांगितलंसुद्धा नाही.

सोमवारी सातला पाच कमी असताना मी शाळेच्या फाटकात होते. खडूचा तो झिजलेला तुकडा आता गाडीच्या डिकीत असतो... फळ्यावर इतकी वर्षं खडू दुसऱ्यांसाठीच झिजला बिचारा, एकदा माझ्यासाठीही झिजला. त्याचे आभार.