वैशाखऱ्याच्या रस्त्यावर बंद पडलेला पंखा

मी तेव्हा शहापूरला हमरस्त्याच्या कडेला मोटारींच्या वायरिंगची कामं करायचो. पंचविशीचा होतो आणि लोक माझ्या हाताचं कौतुक करायचे. त्या कौतुकापायी मी एका माणसाची रोजी घालवली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मुरबाडच्या एका लाकडाच्या ठेकेदाराकडे जुनी विलायती मोटार होती. डॅशबोर्डखाली बाहेरची हवा आत फेकणारा पंखा होता, त्याला सगळे ब्लोअर म्हणत. या ठेकेदार शेटना दमा. मातीच्या रस्त्यावर पुढे ट्रक असला की काचा बंद करून ते त्या पंख्यासमोर तोंड धरून बसत. पंख्याला मी मलमलीचा तुकडा बांधून दिला होता.

मोटार चालवणारा गावाबाहेरच्या वाडीतला. घरची माणसं जंगलात कोळसा पाडायची. हा शेटच्या ट्रकवर लाकडं चढवता चढवता गाडी शिकला. त्याच्या वाडीत त्याच्याआधी कुणी स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेटनी मोटार पूजेसाठी माझ्याकडे पाठवली. आमच्याकडे पूजेआधी गाडी धुऊन, गंज खरवडून, जिथं हात पोचेल तिथला पत्रा रंगवायची रीत. मी पंखा उतरवून डॅशबोर्डखालचा पत्राही रंगवला. रंग ओला असतानाच पंखा बसवला, स्क्रू आवळले, झेंडूचा हार घातला.

दिवाळीनंतर पंखा मधूनमधून बंद पडू लागला.

"मिस्त्री, याला लहर येते," गाडी घेऊन आलेला तो ड्रायव्हर म्हणाला. "एका खड्ड्यात बंद, दुसऱ्या खड्ड्यात चालू."

मी बटण दाबलं. पंखा सुरू.

"चालतोय की."

"इथं चालतो. तुमाला घाबरतो, मला नाय घाबरत."

मी फ्यूज बदलला, बटण उघडून साफ केलं, मोटरचे कार्बन घासले. तीनदा गाडी आली आणि तिन्ही वेळा माझ्यासमोर पंखा नीट चालला. तिसऱ्या खेपेला शेट बरोबर होते. मी हसत म्हणालो, "माझ्या दारात तर कधी बंद पडत नाही." शेटनी त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं मला दिसलं होतं.

फाल्गुनात वैशाखरे गावाच्या रस्त्यावर, ट्रकच्या मागे, भर उन्हात पंखा थांबला. शेटचा श्वास अडकला. यानं गाडी बाजूला घेतली, त्यांना उचलून झाडाखाली नेलं, पाठ चोळली. श्वास जागेवर आल्यावर शेटनी आधी किल्ली काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच ड्रायव्हरला घेऊन माझ्याकडे आले. या वेळी मी बॅटरीच्या अर्थपासून, म्हणजे वीज परत येते त्या टोकापासून, एक सुटी वायर थेट पंख्याला लावली आणि डॅशबोर्डवर बुक्क्या मारल्या. पंखा अडखळला नाही. वायर काढली, बुक्की मारली, पंखा बंद. मला कळून चुकलं. वीज पत्र्यातून परत जाते, रंगातून जात नाही, आणि पंख्याची ती वाट मी माझ्याच रंगावर आवळली होती. स्क्रू काढला तर खाली हिरवा रंग गुळगुळीत.

"सापडलं?" शेट म्हणाले.

"हो. अर्थची वायर ढिली होती."

"आपोआप ढिली होते?"

मी पॉलिश पेपरनं रंग घासत होतो. मान वर केली नाही.

"कुणी ओढली असेल."

"वाटलंच मला. कोळसा पाडणाऱ्याच्या हातात मोटार दिली, माझीच अक्कल गेली."

चार दिवसांनी तो चालत माझ्याकडे आला. तोंडभर हसत होता.

"मिस्त्री, खोड सापडली म्हणं! आता माझ्यावरचा आळ गेला. तुमी होते म्हणून, नाय तर मेलो होतो. आता जातो शेटकडं."

मी त्याला पाणी दिलं. थांब म्हणालो नाही. तो ते पाणी घटाघटा प्यायला आणि मुरबाडच्या रस्त्याला लागला. शेटनी त्याला काय सांगितलं असेल ते मला माहीत होतं, कारण ते शब्द माझेच होते. परत तो काही विचारायला आला नाही. शेट त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. त्यांच्या गाड्या माझ्याकडेच येत राहिल्या आणि दर खेपेला मी आज सांगू म्हणायचो.

दोन पावसाळ्यांनंतर सागाच्या ओंडक्यांनी भरलेला एक ट्रक हॉर्नच्या कामासाठी थांबला. ओंडक्यांवर चार-पाच हमाल बसले होते. त्यांत तो होता, खांद्यावर गोणपाट, वाळलेला. मी खालून हाक मारली.

"ये रे खाली. चहा घे."

"नको, मिस्त्री," तो वरूनच म्हणाला. "मी खाली उतरलो आन् तुमचा हॉर्न नाय वाजला, तर?"

ट्रकवरचे सगळे हसले. तोही हसला. मी बॉनेट उघडलं आणि तो ट्रक जाईपर्यंत त्यात डोकं घालून उभा राहिलो.