दारापाशी कान देणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताई जगदाळे यांची आणि माझी पहिली भेट आर. के. पुरमच्या एका सरकारी इमारतीच्या जिन्यात झाली आणि त्या भेटीतच त्यांनी मला झापलं. मी अकोल्याहून नोकरीसाठी दिल्लीत नवाच आलो होतो. सरकारी पैशातून टीव्हीचे कार्यक्रम बनवणाऱ्या आमच्या कार्यालयात तेव्हा एक प्रेक्षक संशोधन कक्ष होता. जनतेच्या पैशातून केलेले कार्यक्रम जनता बघते की नाही, हे शोधणं त्याचं काम, आणि ताई त्याच्या प्रमुख. रुजू व्हायला गेलो, तर ‘मैडम फील्ड में हैं’ असं सांगून मला थेट तिकडे पिटाळण्यात आलं. जिना चढून बघतो तो ताई एका बंद दारापाशी कान देऊन उभ्या! साहेबबाई परक्याच्या दाराशी अशा उभ्या बघून मी गांगरलो आणि काहीतरी मदत करावी म्हणून पुढे होऊन बेल दाबली. एका पेंगुळलेल्या बाईंनी दार उघडलं आणि आत तान्हं मूल रडायला लागलं.

ताईंनी त्या बाईंची हात जोडून माफी मागितली. दार बंद झाल्यावर माझ्याकडे वळल्या. “अहो, बेल कशाला दाबलीत? आत आवाज होता का? नव्हता ना? मग टीव्ही बंद. तसं लिहायचं आणि पुढच्या दाराशी जायचं. कुणी झोपलेलं असतं, कुणी आजारी असतं. सरकारी माणूस झालो म्हणून कुणाची झोप मोडायचा हक्क मिळत नाही आपल्याला!” एवढं झाल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं.

हा नियम ताईंनी स्वतः घालून दिलेला होता. कार्यक्रम चालू असतानाच्या वेळात वस्तीत फिरायचं, टीव्हीचा आवाज येईल तिथे बेल वाजवून काय बघताय, कोण कोण बघतंय ते विचारायचं आणि सामसूम असेल तिथून पुढे सरकायचं. त्यांच्या आधीची मंडळी दारं बडवत फिरत आणि लोक वैतागून दार आपटत, असं जुने लोक सांगायचे. ताईंच्या नियमामुळे आमचं स्वागत होऊ लागलं. पुढे तो कार्यालयाचाच नियम झाला.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना आपल्या मराठी मंडळाच्या कार्यवाहांनी मला बजावलं होतं, “खाडे, प्लीज, आनंदाचे प्रसंग लिहा हं.” माझा मूळ स्वभाव रडका आहे असं माझी बायको म्हणते आणि कार्यवाहांना ते ठाऊक असावं. आनंदाचे प्रसंग आहेत, ते लिहितोही. पण ताईंचं मोठेपण मला ज्या दिवशी पुरतं कळलं तो दिवस आनंदाचा नव्हता. तो वगळून लिहिलं तर ताईच मला पुन्हा एकदा झापतील.

ताईंचे वडील लष्करात होते. मूळ गाव साताऱ्याकडचं, पण ताईंचं बालपण दिल्लीच्या छावणीत गेलं. त्यामुळे हिंदी बाजारातली आणि मराठी आईची, अशा दोन्ही भाषा त्यांना सारख्याच सहज येतात. कुठल्याही घरात गेल्या की दहा मिनिटांत त्या घरातल्याच एक होऊन जात. मात्र बसताना टीव्हीकडे पाठ करून बसत. आम्हा सगळ्यांना त्यांनी हीच सवय लावली. “टीव्हीवर काय चाललंय ते आपल्याला माहीतच आहे. समोरच्या माणसांकडे बघा,” असं त्या म्हणत. थंडीत दिल्लीतल्या घरोघरी टीव्हीसमोर मटार सोलणं चालतं. सोलणारा हात कुठे थांबतो याकडे ताईंचं लक्ष असे. हात थांबला म्हणजे कार्यक्रम बघितला जातोय, सालं भराभर पडताहेत म्हणजे टीव्ही नुसता लावलेला आहे. त्यांचा हा अंदाज क्वचितच चुकायचा.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. लोक आमच्यासमोर खोटं बोलत, आणि तेही निव्वळ चांगुलपणानं. घरी आलेल्या सरकारी पाहुण्याला ‘तुमचे कार्यक्रम आम्ही बघत नाही’ असं कोण सांगणार? “जी, हम तो आप ही का चैनल देखते हैं,” असं म्हणून चहा पुढे करत. ताई हसून चहा घेत आणि अहवालात मात्र खरं ते लिहीत. वर्षामागून वर्षं आमचे प्रेक्षक कमी होत गेले आणि ताईंनी ते कधी झाकलं नाही. एकदा एका बड्या साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, “मैडम, आँकड़ा थोड़ा ऊपर कर दीजिए, ऊपर जवाब देना है.” ताई शांतपणे म्हणाल्या, “सर, आप देखनेवाले बढ़ाइए, आँकड़ा मैं उसी दिन बढ़ा दूँगी.” त्या वर्षी त्यांची बढती अडली. त्याबद्दल त्या कधी अवाक्षर बोलल्या नाहीत, बोललो ते आम्हीच, कोपर्निकस मार्गावरच्या कँटीनमध्ये पोहे खाता खाता.

त्यांच्या मायेबद्दल सांगायचं तर माझ्या आईची गोष्ट सांगायला हवी. वडील गेल्यावर मी आईला दिल्लीला आणलं. तिला हिंदीचा गंध नव्हता. आम्ही दोघं नवरा-बायको कामावर गेलो की ती दिवसभर आमच्या क्वार्टरमध्ये एकटी टीव्हीसमोर बसून असायची. ताईंना हे कळल्यावर त्या एका सुटीच्या दिवशी घरी आल्या, आईशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “काकू, या मालिकेत काय चाललंय ते मला सांगा बघू.” आई खुलली. मोठी सून बिचारी किती सोसते, सासू कशी छळते, सगळं तिनं रंगवून सांगितलं. प्रत्यक्षात ती मोठी सून साऱ्या घराचं वाटोळं करायला निघालेली होती! मी हसायला लागलो, तर ताईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. त्यानंतर आई असेपर्यंत त्या येत राहिल्या आणि दर वेळी आईच्या तोंडून आईची मालिका ऐकत राहिल्या. आईला दिल्लीत मिळालेली ती एकुलती एक मैत्रीण होती.

ताई निवृत्त झाल्या आणि कक्षाला उतरती कळा लागली. रिकाम्या जागा भरल्या गेल्या नाहीत. घराघरांत बसवलेल्या यंत्रांवरून आकडे येऊ लागले आणि दारोदार फिरण्याची गरज उरली नाही, असं ठरलं. चार टेबलं आणि मी, एवढंच शिल्लक राहिलं. अशातच एक काम आलं. कर्णबधिरांसाठी दर रविवारी सकाळी अर्ध्या तासाची एक मालिका आम्ही करत असू. खुणांच्या भाषेत सांगितलेल्या गोष्टी, आणि सांगणारे कलाकारही कर्णबधिर. यंत्रांच्या हिशेबात तिला प्रेक्षक जवळजवळ नव्हतेच. तिचं अनुदान चालू ठेवायचं की नाही हे ठरवण्यासाठी समिती नेमली गेली आणि जुन्या पद्धतीची पाहणी करायला ताईंना सल्लागार म्हणून परत बोलावण्यात आलं. एका संस्थेनं आम्हाला कर्णबधिर कुटुंबांचे पत्ते दिले. तात्पुरती नेमलेली मंडळी रविवारी सकाळी त्या पत्त्यांवर फिरली. ताईंनी त्यांना आपलं नेहमीचं प्रशिक्षण दिलं होतं. पाहणीत जवळजवळ प्रत्येक घरी टीव्ही बंद आढळला. ज्यांच्यासाठी ही मालिका आहे तेही ती बघत नाहीत, असा निष्कर्ष ताईंनी जड मनानं लिहिला आणि अहवाल समितीकडे गेला.

समितीच्या बैठकीआधीच्या रविवारी काही कागदांवर सह्या घ्यायला मी द्वारकेला ताईंकडे गेलो होतो. त्यांच्याच सोसायटीत आपल्या मंडळाच्या मीनाताई आणि त्यांची मुलगी मृणाल राहायला आल्या होत्या. मृणाल जन्मापासून कर्णबधिर, एका सरकारी कार्यालयात नोकरी करते. मीनाताईंना द्यायला ताईंनी कसलीशी चटणी केली होती. “चला खाडे, डबा देऊन येऊ,” म्हणून आम्ही निघालो. दारापाशी पोचलो. ताईंनी सवयीनं कान दिला. आत चिटपाखरू नाही.

“झोपली असेल पोरगी,” असं पुटपुटत ताई परत फिरल्या. आम्ही लिफ्टपर्यंत आलो, तर लिफ्टमधून भाजीच्या पिशव्या घेऊन मीनाताईच बाहेर पडल्या.

“अहो ताई, परत का चाललात?”

“आत सामसूम आहे हो. म्हटलं मृणाल झोपली असेल, कशाला उठवा.”

“झोपतेय कुठली! रविवार आहे ना, तिचा प्रोग्राम लागलाय. सगळ्या मैत्रिणी जमल्यात, घरात पाय ठेवायला जागा नाही. चला ना, या.”

मीनाताईंनी बेल दाबली तसा मृणालसाठी बेलला जोडलेला आतला दिवा लुकलुकला आणि दार उघडलं. खोलीभर मुली-मुलगे बसले होते. एक म्हातारं जोडपंही होतं. समोर टीव्ही चालू होता आणि त्याचा आवाज पूर्ण बंद केलेला होता. एक कलाकार गोष्ट सांगत होता आणि या सगळ्यांचे हात त्याला उत्तरं देत होते, एकमेकांना टाळ्या देत होते. दार उघडून मृणालही लगेच टीव्हीसमोर जाऊन बसली, बाकी कुणाचं आमच्याकडे लक्षही गेलं नाही. ताई डबा हातात घेऊन उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. कार्यक्रम संपेपर्यंत त्या आत गेल्या नाहीत.

घरी परतल्यावर त्यांनी सह्यांचे कागद मिटून ठेवले. मग म्हणाल्या, “मृणालला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, खाडे. आणि तरी आवाज नाही म्हणून मी परत फिरले. बिचाऱ्या पोरांनी तरी काय वेगळं केलं असेल? मीच शिकवलंय त्यांना.” ज्या घरात कुणालाच ऐकू येत नाही त्या घरात टीव्हीचा आवाज कोण आणि कशाला ठेवणार? शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते तो बंदच ठेवतात. इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

ताईंनी दुसऱ्याच दिवशी समितीला लिहून दिलं की पाहणी चुकीची आहे, चूक पद्धतीत आहे आणि पद्धत माझी आहे. तरुण मंडळींना बोल लावू नये. पाहणी पुन्हा करावी, मी मानधन घेणार नाही. आयुष्यभराच्या नावलौकिकावर आपल्याच हातानं शाई ओतणं काय असतं हे मी त्या दिवशी बघितलं. बैठकीत अध्यक्षांनी कागद बाजूला सारला. “मैडम, भावना अपनी जगह है. लेकिन मशीन भी तो यही कह रही है.” यंत्रं त्यातल्या एकाही घरात नव्हती हे ताईंनी सांगितलं. परवापर्यंत बाई खात्रीनं एक सांगत होत्या, आज दुसरं सांगताहेत, असं कुणीतरी त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालं. मालिका बंद झाली.

हे मृणालला कळवायला ताई स्वतः गेल्या आणि मला बरोबर नेलं. मृणालनं हातांनी काही विचारलं. मीनाताई ते न सांगताच चहा ठेवायला उठल्या.

“काय म्हणते? सांगा, अगदी जसंच्या तसं,” ताई म्हणाल्या.

“ती विचारतेय, आम्हाला कुणी विचारायला आलं होतं का?”

“आले होते, बाळा. दारापर्यंत येऊन परत गेले. बेल वाजवू नका असं मीच सांगितलं होतं त्यांना.”

मीनाताईंनी ते खुणांनी सांगितलं. मृणाल ताईंकडे बघत राहिली आणि मग उठून आतल्या खोलीत गेली. तिनं त्यांना माफ केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. निदान त्या दिवशी तरी तसं झालं नाही.

त्यानंतर ताई खुणांची भाषा शिकू लागल्या. सांधेदुखीनं बोटं नीट वळत नाहीत, त्यामुळे मृणालच्या मैत्रिणींना त्यांचं बोलणं अजून अर्धंच समजतं. शिकवते मात्र मृणालच, हे मुद्दाम नोंदवतो. रविवारी तिच्या घरी आता पूर्वीसारखी गर्दी होत नाही. जो तो आपापल्या फोनवर काहीतरी बघत आपल्या घरी बसतो. मालिका पुन्हा सुरू करावी म्हणून ताई अर्ज करतात, भेटी मागतात, स्वागतकक्षातल्या खुर्चीवर तासन् तास बसून राहतात. मी आतून जमेल तेवढी खटपट करतो. मामला विचाराधीन आहे, असं दर वेळी कळवलं जातं. एकदा मी न राहवून म्हणालो, “ताई, आता सोडा. या वयात कशाला जिवाला त्रास?” तर म्हणाल्या, “अच्छा? आणि मृणालला काय सांगू, मी दमले म्हणून?”

निर्मलाताई, पंचाहत्तरीला शंभर वर्षांचं आयुष्य मागतात. माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमचे गुडघे चालते राहोत, बोटांची दुखणी कमी होवोत, आणि ती मालिका पुन्हा लागून मृणालच्या शेजारी बसून तुम्हाला बघता येईल, इतकं आयुष्य तुम्हाला मिळो. आमच्या कार्यालयाचं काम ज्या गतीनं चालतं ती बघता मी तुमच्यासाठी फार म्हणजे फारच मोठं आयुष्य मागतो आहे.