केळीच्या भावाआधीचं पान

परवा भाचीच्या ओढणीवर केळीच्या चिकाचा डाग दिसला आणि तिच्या जन्माची दुपार आठवली. बाळंतपणात बहिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि तिच्या गटाचं रक्त कुठेच मिळेना. रक्त हवंय अशी सूचना द्यायला मी धावत केबलवाल्याकडे गेले. त्याच्या वाहिनीवर दिवसभर निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची पानं फिरायची: लाइट जायच्या वेळा, हरवलेली म्हैस, केळीचे भाव. "भावाच्या आधी टाकतो, ताई," तो म्हणाला, "ते पान बठ्ठं गाव पाहतं." दवाखान्यात परतून तासही झाला नसेल, तोच केळीचा ट्रक दारात थांबला. टपरीवरच्या टीव्हीवर भाव बघायला थांबलेली कापणीवरची वीस-बावीस माणसं उतरली; कपड्यांवर चिकाचे काळे डाग, अंगाला ओल्या पानांचा वास. "कोनतं रक्त शे ते आम्हाले माहीत नही," मुकादम बाही वर सारत म्हणाला, "तुम्हीच पाहून घ्या." भिंतीशी रांगेनं पुढे आलेल्या त्या उघड्या हातांकडे मी रडायचं विसरून पाहत राहिले. दोघांचं जुळलं, बहीण वाचली. आता केळीचे भाव ज्याच्या त्याच्या फोनवर येतात; त्याआधीचं पान कुणालाच वाचावं लागत नाही.