पावेलसाठी मंगलकामना

आषाढी पौर्णिमेला आमच्या विहारात जे झालं ते लिहू की नको, असं करत करत शेवटी आज लिहितेय. ज्याच्याबद्दल आहे त्या भावाची परवानगी घेतली आहे... "लिही बाई, पण फोटो नको टाकू" एवढीच त्याची अट.

मी भंडाऱ्यात नोकरीला. माहेर वैनगंगेच्या पलीकडे, कारध्याच्या थोडं पुढे. घरी आई आणि धाकटा भाऊ प्रशांत. तो राईस मिलमध्ये कामाला आहे. घरावर स्लॅब टाकायचा म्हणून मायलेकांनी जमवलेले पैसे त्याच्याच खात्यात. गडी इतका सरळ की सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही.

धानाची रोवणी सुरू होती तेव्हा आईचा फोन आला. "प्रशांतचा एक दोस्त लई बिमार हाये वो बाई. पावेल नाव हाये त्याचं." मी म्हटलं, हा कोण पावेल? आईचं उत्तर तयार... नागपूरचा असेल, ख्रिश्चन असेल. "बिमारीले काय जातधर्म राह्यते का?"

पुरावेही तिच्याकडे भक्कम होते. प्रशांत मोबाईल घेऊन गुरांच्या कोठ्यात जाऊन बसतो, कपाळाला हात लावून. "ऊठ पावेल, ऊठ... एवढा वेळ काढ बापा." मग एकदम, "गेला! पावेल गेला!" आई बिचारी पदर तोंडाला लावून बसली.

दुसऱ्या दिवशी आई पाहते तर हा पुन्हा पावेललाच उठवतोय. मेलेला माणूस परत कसा आला, हा प्रश्न माझ्या आईला पडला नाही. तिला वाटलं, डॉक्टर चांगला भेटला.

पौर्णिमेला मी घरी गेले. विहारात सगळी वस्ती जमलेली, बाहेर चुलीवर खिरीचा मोठा गंज. वंदना झाली आणि आई उभी राहिली... पोराच्या दोस्तासाठी सगळ्यांनी मंगलकामना करा म्हणाली.

झालं. अख्खी वस्ती डोळे मिटून, हात जोडून पावेलच्या प्रकृतीसाठी बसली. मी एक डोळा उघडून प्रशांतकडे पाहिलं. मान खाली, कान लालबुंद. मला वाटलं, किती जीव लावलाय पोरानं मित्राला!

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण आमच्याकडे कोणी आजारी आहे म्हटलं की विहारात ताट फिरतं. तसं ते फिरलं. शेजारच्या शेवंतामायनं पदराची गाठ सोडली आणि रोवणीची मजुरी ताटात टाकली. दिवसभर चिखलात वाकून कमावलेली. ते ताट सरकत सरकत प्रशांतच्या पुढ्यात आलं.

प्रशांत त्या ताटाकडे पाहतच राहिला. मग उठून उभा झाला.

"पावेल बिमार नाही," म्हणाला. "थो तिकडं परदेशात टेबल टेनिस खेळते. मी त्याच्यावर पैसे लावून राह्यलो... मोबाईलवर."

आईचं तोंड उघडं ते उघडंच. मला तर असा संताप आला की विहार आहे हे विसरून उठणारच होते. तेवढ्यात शेवंतामायनं अगदी शांतपणे विचारलं,

"मंग जिंकला का थो?"

अगा माय! जो हशा पिकला म्हणता... म्हातारे खोकेपर्यंत हसले. प्रशांतही हसला आणि हसता हसता रडायलाच लागला. "जिंकला माय. काल जिंकला. तरी मले थांबता नाही आलं. आज स्लॅबचे पैसे लावनार होतो."

हसू जिथल्या तिथे थांबलं.

मग हळूहळू सगळं कळलं. आधी फक्त क्रिकेट होतं, मित्रांसोबत, गंमत म्हणून. क्रिकेटचा मोसम संपला, पण हात काही स्वस्थ बसेना. मग अ‍ॅपवर चोवीस तास काही ना काही चालूच असतं, त्यात हे टेबल टेनिस सापडलं. ज्यानं जन्मात त्या खेळाची बॅट हातात धरली नाही, तो परक्या देशातल्या खेळाडूसाठी उपाशी बसत होता!

शेवंतामायनं आपली मजुरी उचलली, पुन्हा पदराला गाठ मारली. म्हणाली, "माह्या बुढ्याले दारूसाठी दवाखान्यात नेलं, तवा घरात इकाले भांडंबी नव्हतं राह्यलं. तू आत्ताच जाय गा. हेबी नशाच होय." आणि आईला म्हणाली, "चाल वो, खीर थंडी होऊन राह्यली."

सोमवारी आम्ही भंडाऱ्याला व्यसनमुक्तीच्या समुपदेशकांकडे गेलो. आईही आली, ती ऐकते कुठे! ना ते रागावले, ना त्यांनी उपदेश केला. अ‍ॅप काढायला लावलं, पैसे दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला सांगितले आणि हात शिवशिवले की कोणाला फोन करायचा ते ठरवून दिलं. स्लॅबचे पैसे आता आईच्या खात्यात आहेत. त्या खात्याच्या कार्डाचा पिन आईलाही आठवत नाही, त्यामुळे काळजी नाही.

मधे एकदा प्रशांत घसरला. पण त्याच दिवशी मला फोन करून सांगितलं. मी आधी भरपूर शिव्या दिल्या, मग त्याच्यासोबत पुन्हा गेले.

त्या पहिल्या सोमवारी निघताना समुपदेशक म्हणाले होते, लोक सगळं विकून झाल्यावर येतात, तुम्ही लवकर आलात. बाहेर येऊन मी प्रशांतला म्हटलं, बघ, वेळेवर आलो आपण. तर तो चप्पल घालता घालता म्हणाला, "लवकर कायचं बाई... मले तं कवापासून वाटून राह्यलं होतं, कोणीतरी विचारावं."

मी रोज त्याच्याशी फोनवर बोलत होते हो. जेवला का, पाऊस आहे का, सगळं विचारत होते... तेवढं सोडून.

घरातलं कोणी गप्प गप्प झालं असेल तर विचारा. चिडून विचारलं तरी चालेल, पण आजच विचारा.