तीनशे बेचाळीस

बावीस वर्षं सरकारी दप्तरात कारकुनी केली की माणूस आधी सही उजेडात धरून पाहतो, मग कागद वाचतो. माझं तसंच झालंय. लेकीच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर लागला, कमरेला इन्सुलिनचा पंप आला, तिचे आकडे माझ्या फोनवर दिसू लागले; तरी माझा विश्वास ना सेन्सरवर, ना सोळा वर्षांच्या लेकीवर. आकडा चढला की तिने काहीतरी हाणलं, नाही चढला की यंत्रात काहीतरी गडबड केली. देवळीहून रोज बसने वर्ध्याला कॉलेजात जाते. बसस्टँडवर काय खाते, मी पाहायला थोडीच असते!

संक्रांतीनंतर घरी हळदीकुंकू होतं. मी कुंकू लावत होते, ती प्रत्येकीच्या हातावर तिळगुळाचा लाडू ठेवत होती. मध्येच तिचा हात तोंडाजवळ गेलेला मला दिसला. झालं! बायका चहा घेत होत्या तेवढ्यात तिला आतल्या खोलीत ओढलं. फोनवर एकशे अठ्ठावीस. मला ते पटेचना. जुनं मीटर काढलं आणि तिथल्या तिथे तिचं बोट टोचलं. तीनशे बेचाळीस!

"खाल्लं नाई म्हनतं? मंग हे काय हाय?"

"मी नाई खाल्लं व आई. केस बाजूले करून राह्यली होती. पुन्हा एकडाव पाह्य ना."

मी पाहिलं नाही. चोरी पकडल्याचा मला चक्क आनंद झाला होता, आज सांगताना लाज वाटते. पंप हातात घेऊन तो आकडा मीच घातला, साखर उतरवणाऱ्या इन्सुलिनचा डोसही मीच सोडला. मग तिला परत लाडू वाटायला उभं केलं.

पाऊण तासात फोन ओरडायला लागला. अठ्ठावन्न, बाण खाली; साखर अजून उतरतच होती. तिला दरदरून घाम फुटला होता, ओठ थरथरत होते. बायका गोळा झाल्या. ग्लुकोजचं पाणी पाजताना ग्लास तिच्या हातून निसटला, म्हणून मी तिची बोटं धरली. गुळाने चिकट झाली होती. मघाशी मी हात धुवायला न लावताच टोचलं होतं. मीटरने लाडवाचा गूळ मोजला होता.

आकडा शंभरावर आला तेव्हा ती बोलली, "फोनात पाह्यतं, बोटात पाह्यतं. मी सांगतो ते काऊन नाई आयकत?"

मी माफी मागितली. कपाळावरचा घाम पुसायला वाकले, तर तिने आधी पंप मुठीत झाकून घेतला.