सतरा तारीख

दर वर्षी सत्तावीस नोव्हेंबरला तवमणी चारशे वडे तळायची. गेली बारा वर्षं ओस्लोतल्या आमच्या तमिळ लोकांचा हुतात्मा दिवस तिच्या वड्यांवाचून पार पडला नव्हता. पिठात मीठ आधी घातलं की पीठ सैल पडतं आणि वडा तेल पितो, म्हणून मीठ ती तेल तापल्यावरच घालायची, आणि मिठाच्या डब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. व्यासपीठावर कोण काय बोललं ते लोक घरी पोचेपर्यंत विसरत. वडा लक्षात राही.

वय सहासष्ट, गाव किलिनोच्चीजवळचं. नवरा वेगळ्या तमिळ देशासाठीच्या युद्धात तोफगोळ्यानं गेला. मुलगा सेंदूरन युद्धाच्या शेवटच्या दिवशी लष्कराच्या ताब्यात गेला, तो परत आला नाही. थोरली मुलगी तर्शिनी लग्न होऊन आधीच नॉर्वेत होती, तिच्याकडे ही आली आणि एका वृद्धाश्रमात कपडे धुवायच्या खोलीत कामाला लागली. परक्या म्हाताऱ्यांच्या चादरींच्या घड्या घालताना तिनं कधी कुरकुर केली नाही. कुरकुर तिनं आपल्या माणसांसाठी राखून ठेवली होती.

आपली माणसं तशी संधीही भरपूर द्यायची. युद्ध हरल्यावर हुतात्मा दिवस पाळणाऱ्या इथल्या समितीत फूट पडली. कशावरून पडली हे आता भांडणाऱ्यांनाही धड सांगता येत नाही. तेव्हापासून त्याच दिवशी, त्याच वेळी, नदीच्या अलीकडे एक हॉल आणि पलीकडे एक. त्याच लाल-पिवळ्या पताका, तीच घंटा, तीच फुलं. देश मागायला निघालेल्यांना एका छपराखाली उभं राहता येईना. अलीकडचे प्रमुख परराजसिंगम. शनिवारच्या तमिळ शाळेत ते गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. तवमणी सुरुवातीला दोन्हीकडे वडे पाठवायची. एका वर्षी पलीकडच्यांनी डबे न धुता परत पाठवले, तेव्हापासून फक्त अलीकडे.

त्या दिवशी सकाळी दहाला हॉलमागच्या स्वयंपाकघरात ती पहिला घाणा काढत होती, तेवढ्यात मास्तर आत आले. काळा सूट, छातीला फूल.

"अक्का, आज तळण दुसऱ्या कुणावर टाका. मुख्य दिवा तुम्ही लावायचा."

"मी? मला काय धाड भरलीय?"

"अहो, हुतात्म्याची आई तुम्ही."

तवमणीनं झारा खाली ठेवला. "कोण हुतात्मा?"

मास्तर हसले, लाजणाऱ्या नवरीला हसावं तसे. "बाहेर येऊन बघा तर खरं."

हॉलमध्ये लांबच लांब टेबलांवर लाल कापड अंथरून फोटो मांडले होते. प्रत्येकाला हार, प्रत्येकापुढे पणती. तिसऱ्या ओळीत सेंदूरन होता. शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, डावा कान जरासा बाहेर आलेला. तीन वर्षांपूर्वी तिनंच तो समितीला दिला होता, बेपत्ता मुलांची यादी जिनिव्हाला मानवी हक्कवाल्यांकडे पाठवायची म्हणून. यादी गेली की नाही देव जाणे, फोटो मात्र इथे येऊन बसला होता. खाली सोनेरी अक्षरं होती. सेकंड लेफ्टनंट इनियवन. वीरमरण १७ मे २००९.

"हा इनियवन कोण?" तिनं विचारलं.

"चळवळीतलं नाव, अक्का. प्रत्येकाला असायचंच. याचं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून समितीनं ठेवलं. गोड आहे की."

"आणि हा हुद्दा?"

"तो मरणोत्तर."

"आणि सतरा तारीख?"

"ज्यांची तारीख माहीत नाही त्या सगळ्यांना आपण सतराच लावतो. पद्धतच आहे तशी."

पद्धत! बारशाला आईला न बोलावता हे लोक नाव ठेवून मोकळे झाले होते, आणि त्याच दमात दिवसही घालून बसले होते.

"तो मेला असं तुम्हाला कुणी सांगितलं, मास्तर?"

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सोळा वर्षं झाली, अक्का. आणखी किती वाट बघायची? आज तो ना मेलेल्यांत, ना जिवंतांत. इथे निदान मान आहे. वर्षातून एकदा दिवा लागेल, चार माणसं हात जोडतील. आणि खरं सांगायचं तर पलीकडे या वर्षी दोनशे चाळीस फोटो लागलेत. आपले दोनशे अकराच होते."

"म्हणजे त्यांची बरोबरी करायला माझा मुलगा मारलात?"

"काय बोलता हे! समाजासाठी आहे सगळं."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं तवमणीनं पुष्कळ पाहिली होती. हे मढंही नसताना लोणी काढत होते. हेच मास्तर दोन हजार नऊच्या जानेवारीत इथल्या चौकात, उबदार टोपी घालून, घरटी एक जण लढायला निघाला पाहिजे म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले होते. त्यांचा थोरला इथे दातांचा डॉक्टर आहे, धाकटा इंजिनीअर. त्यांच्या घरातला एक काही निघाला नाही. तवमणीच्या घरातला एक मात्र चळवळीच्या बंदूकधारी पोरांनी लपायच्या खंदकातून फरफटत बाहेर काढला. सतरा वर्षांचा. पळून जाऊ नये म्हणून त्याचे केस कातरले. तरी तो दोनदा पळून आईकडे आला. दोन्ही वेळा त्यांनी येऊन नेला. तिसऱ्यांदा आला तो मे महिन्यात, जेव्हा न्यायला कुणी उरलं नव्हतं.

"तो सतराला मेलेला नाही," ती म्हणाली. "अठराला जिवंत होता."

"कुणी पाहिलं?"

तवमणी पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली. मास्तरांना वाटलं, बाई समजली.

कुणी पाहिलं ते तिला ठाऊक होतं. अठरा मे रोजी वट्टुवागल पुलापलीकडे माणसांचा लोंढा सैनिकांपुढून चालला होता. कर्ण्यावरून सांगत होते, चळवळीत एक दिवस जरी राहिला असलात तरी बाजूला या, नाव नोंदवा, सोडून देऊ. सेंदूरन तिच्या कानाशी म्हणाला, "अम्मा, गप्प राहू. माझ्या डोक्यावर तुझा पदर टाक, गर्दीतून निघून जाऊ." तिनं ऐकलं नाही. केस बघून ओळखतील, लपवलं म्हणून मारतील, त्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं. "नाव नोंदव, सुटशील," असं म्हणून तिनं त्याचा हात धरला, त्याला टेबलापर्यंत नेलं आणि सैनिकाच्या स्वाधीन केलं. सैनिकानं त्याला बसमध्ये चढवलं. त्यानं खिडकीतून बघितलं की नाही, ते तिला धुळीत दिसलं नाही. 'लष्करानं नेला' एवढंच ती सोळा वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. खोटं नव्हतंच ते. पण कुणी दिला, हे तिनं पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. त्या उजव्या हाताची तिला अधूनमधून इतकी शिसारी यायची, की वृद्धाश्रमात ती तो नळाच्या कढत पाण्याखाली धरायची.

एकला दहा मिनिटं असताना फोन वाजला. किलिनोच्चीहून धाकटी बहीण, पुवनेस. आठ वर्षं ती रस्त्याकडेच्या ताडपत्रीखाली बाकीच्या बायांबरोबर बसते, मांडीवर हाच सेंदूरनचा फोटो घेऊन. आमच्या हातून नेलेली मुलं कुठे आहेत ते सांगा, एवढंच त्या विचारतात. सरकार म्हणतं, मृत्यूचे दाखले घ्या आणि घरी जा. त्या घेत नाहीत.

"अक्का, हे काय करून ठेवलंत तुम्ही लोकांनी?" पुवनेसचा आवाज चिरकत होता. "बेपत्तांच्या सरकारी ऑफिसातला माणूस मोटारसायकलवरून आला होता. मोबाइल नाकासमोर धरला माझ्या. आपला सेंदूरन, हार घातलेला, खाली सतरा तारीख. म्हणतो, तुमच्याच माणसांनी दिवा लावलाय त्याला. सतराला लढताना मेला, मग अठराला आम्ही कुणाला नेलं, बाई? सही कर आणि दाखला ने. दात काढून हसला गं मेला! उद्या परत येतो म्हणालाय. सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघतायत. काय सांगू मी?"

मास्तरांनी सकाळी आठलाच फोटो फेसबुकवर टाकला होता. दोनशे बारावा.

तवमणीनं गॅस बंद केला. लष्करानं मुलगा गिळला होता, मास्तरांनी लष्कराचं तोंड पुसून दिलं होतं, आणि वर दोघंही तिलाच हात जोडायला सांगत होते. तिला दोघांचीही किळस आली. पण जीभ असून सोळा वर्षं मूग गिळून बसलेल्या बाईची सगळ्यांत जास्त आली.

तिकडे मुख्य दिवा लावायची ठरलेली वेळ संध्याकाळचे सहा वाजून पाच, म्हणजे इथले दुपारचे एक वाजून पस्तीस. घंटा झाली, मग शांतता, मग मास्तरांनी पेटती मशाल तिच्या हातात दिली आणि माइकवर तिचं नाव घेतलं, सेकंड लेफ्टनंट इनियवनची वीरमाता. तिनं मशाल त्यांच्याच हातात परत दिली आणि माइक ओढून घेतला.

"इनियवन माझा कुणी नाही," ती म्हणाली. "माझ्या मुलाचं नाव सेंदूरन. तो लढायला गेला नाही, त्याला ओढून नेलं. सतराला तो मेला नाही. अठराला सकाळी तो माझ्यापाशी होता. पळू या म्हणत होता. मी ऐकलं नाही. मी त्याला या हातानं लष्कराच्या हातात दिलं. त्यांनी घेतला. बसमध्ये बसवला. कुणी पाहिलं म्हणून मास्तर विचारत होते. मी पाहिलं. त्यांनी तो परत दिलेला नाही, आणि तुम्ही त्यांना फुकटात सोडलंत."

पहिल्या रांगेत तर्शिनी तोंडावर हात दाबून बसली होती. तिच्या मागे कुणीतरी हुंदका दिला, कुणी "बसवा तिला" म्हणालं. माइक बंद झाला. कुणीतरी घाईघाईनं गाणं लावलं आणि लोक सवयीनं उभे राहिले.

तवमणी तिसऱ्या ओळीपाशी गेली. हार काढून टेबलावर टाकला, फोटो उचलला, चौकटीवरची सोनेरी पट्टी नखानं खरवडून काढली. मास्तर लगबगीनं मागे आले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अक्का, आधी बोलायचं नाही का? चूक आमची. आत्ता छापणाऱ्याला फोन करतो. अठरा करून घेऊ."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. थुंकावं असं तिला वाटलं, पण समोर दोनशे अकरा आयांची पोरं मांडलेली होती. तिनं खांद्यावरचा हात झटकला, स्वयंपाकघरात जाऊन मिठाचा डबा पिशवीत टाकला आणि बाहेर बर्फात आली. दीडशे वड्यांचं पीठ तसंच पडून राहिलं.

तर्शिनी तिचा कोट घेऊन धावत आली. आईच्या उजव्या हाताला धरून तिनं तो बाहीत घातला आणि धरूनच राहिली. तवमणीनं डाव्या हातानं फोन लावला.

"पुवनेस, उद्या तो आला की सांग, सही करत नाही. तारीख खोटी आहे म्हणावं. साक्षीदार कोण असं विचारेल. माझं नाव लिहून दे. पुढं लिही, मुलाला हाती देणारी आई."

पुवनेस म्हणाली, "थांब, पेन घेते."